पिक्सेलचा उजवा डोळा

माझ्या कामाला मराठीत नाव नाही. इंग्रजीत ग्रूमर म्हणतात. पण शनिवार पेठेत हा शब्द कुणाला सांगितला की आधी "काय?" असं विचारतात आणि समजावून सांगितलं की "बरं" म्हणतात. त्या 'बरं'मध्ये पुणेकर काय काय भरू शकतो, ते पुण्यात राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. माझ्या सख्ख्या जावेने एका लग्नात माझी ओळख "ह्या कुत्र्यांना आंघोळी घालतात" अशी करून दिली होती. मी तिथल्या तिथे दुरुस्ती केली. म्हटलं, "आंघोळ कुणीही घालेल हो. मी त्यांचे चेहरे करते."

ते खोटं नव्हतं. पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या केसाळ कुत्र्यांच्या डोळ्यांखाली तांबडे-तपकिरी ओघळ उमटतात, ते तुम्ही पाहिले असतील. कुत्रा रडतोय असं वाटतं. आपण त्यांना मराठीत साधं 'डाग' म्हणू. ते डाग इजा न करता काढणं आणि पुन्हा येऊ न देणं, हे माझं काम. पुण्यातले कितीतरी चेहरे माझ्या हातून गोरे होऊन गेले आहेत आणि मला त्याचा अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकते.

मुळात मी माणसांच्या पार्लरची. शनिवार पेठेत एका इमारतीच्या जिन्याखाली माझं लेडीज पार्लर होतं. भुवया, फेशियल, नवरीचा मेकअप. केबल टीव्ही नुकता घरोघरी आला होता, दुकानांत परदेशी नावांचे शाम्पू दिसू लागले होते आणि पुण्यात ज्याच्या त्याच्या घरी पामेरियन होता. माझ्या एक ठरलेल्या गिऱ्हाईक होत्या, साठेबाई. त्यांचा पामेरियन, राजा, घरी एकटा राहिला की आळी डोक्यावर घेई, म्हणून त्या त्याला बरोबर आणून खुर्चीखाली बसवत. एकदा त्यांच्या चेहऱ्यावरचा लेप वाळेपर्यंत मला काही काम नव्हतं. राजाच्या डोळ्यांखाली चिकट, कडक झालेले केस होते. मी कोमट पाण्यात कापूस भिजवला, पिळला आणि ते केस हलके हलके मऊ करून पुसले. राजा हूं की चूं न करता बसून राहिला.

साठेबाईंनी आरशात स्वतःकडे बघितलंच नाही. राजाकडे बघून म्हणाल्या, "शैलाबाई, पुढच्या वेळी माझ्या भुवया वर-खाली झाल्या तरी चालतील, पण ह्याचं तोंड असंच करा."

त्यांनी ते चार ठिकाणी सांगितलं आणि माझ्याकडे पामेरियन येऊ लागले. माणसांची गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. एक बाई म्हणाल्या, "इथे आता नक्की कोण येतं हो?" मी म्हटलं, "दोघंही येतात. तुम्ही आतल्या खुर्चीवर बसा." त्या पुन्हा आल्या नाहीत. काही वर्षं मी दोन्ही कामं ओढली. मग एक दिवस पार्लर बंद केलं, स्कूटीला पिशवी लावली आणि घरोघर जाऊ लागले.

तोवर पुणंही बदललं होतं. हिंजवडीला कंपन्या आल्या; बाणेर, औंध, वारजे इकडे शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. कुत्रीही बदलली. दहीभात खाणारे पामेरियन मागे पडले आणि चपट्या तोंडाचे, बटबटीत डोळ्यांचे, रेशमी केसांचे शित्झू आणि माल्टीज आले. त्यांचा चेहरा माणसाने हौसेने तसा घडवला आहे. नाक आत गेलं, डोळे बाहेर आले, केस डोळ्यांत आले आणि पाणी वाहायला लागलं. त्यामुळे माझा धंदा वाढला, हे मी नाकारत नाही. पण ते कुत्रं मांडीवर घेतलं की दर वेळी वाटतं, हौस आपली आणि पाणी ह्याच्या डोळ्यांतून वाहतंय.

डाग म्हणजे नेमकं काय, तेही सांगते, कारण लोकांना ती घाण वाटते. कुत्र्याच्या अश्रूंमध्ये आणि लाळेत एक द्रव्य असतं, त्याला हवा आणि उजेड लागला की ते तांबूस होतं. पाणी गालावरून ओघळत राहिलं की केस रंगतात. ओले केस ओलेच राहिले की त्यावर बुरशी धरते आणि वास येतो. रंगलेला केस धुऊन पांढरा होत नाही. मेंदी लावलेला केस धुऊन काळा होतो का? तसंच हे. खालून नवा केस पांढरा यावा म्हणून जागा कोरडी ठेवायची आणि जुना केस हळूहळू कापत जायचा. यापलीकडे जादू नाही. जादू विकणारे मात्र पुष्कळ. लिंबू लावा, ब्लीच लावा, जखमेचं फसफसणारं औषध लावा, बोरिक पावडर लावा. डोळ्यापासून बोटभर अंतरावर! खाण्यातून द्यायच्या काही पुड्याही मिळतात. त्यात कधी कधी जंतूंवरचं औषध मिसळलेलं असतं आणि ते डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने पोटात जात राहतं.

आमच्या धंद्यात अजून एक गोष्ट बघावी लागते. डागापायी कुत्री घराबाहेर जातात. औंधला एका घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा कुत्रा मांडीवर बसून चाटत होता. पुढच्या खेपेला गेले तर कुत्राच नव्हता. "देऊन टाकला. सोफ्यावर तांबडं लागायचं," बाई म्हणाल्या आणि मला चहा विचारला. मी चहा न घेता उतरले. म्हणून वारज्याच्या वानखड्यांकडे जे घडलं, ते मला इतर सगळ्या कामांपेक्षा जास्त आठवतं.

फोन वानखड्यांच्या सुनेचा, रश्मीचा होता. "हॅलो, तुम्ही टिअर स्टेन्स रिमूव्ह करता ना? होम व्हिजिट देता का?"

"देते."

"प्लीज लवकर या. रविवारी बारसं आहे आणि कुत्रा फोटोत येण्यासारखा नाहीये."

नव्या सोसायटीत सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. रश्मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. म्हणजे इतरांनी तयार केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढणं हे तिचं काम. बाळंतपणाच्या रजेवर होती, बाळ खांद्यावर होतं आणि डोळ्यांखाली तिच्याही काळं झालं होतं. नवरा निखिल कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत, तो बारशापुरता येणार होता. घरात तिसरे तिचे सासरे, वानखडे काका. अमरावतीला शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. बायको गेल्यावर मुलाने त्यांना पुण्याला आणलं होतं. गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्या पायाशी, चपलेवर हनुवटी टेकून, वर्षाच्या आतलं पांढरं शित्झू. त्याचं नाव पिक्सेल. काकांना ते नाव जमत नसे, ते त्याला 'पिकश्या' म्हणत.

रश्मी आडपडदा न ठेवता बोलली. "माझ्या आईचं म्हणणं आहे की असल्या डोळ्यांचा कुत्रा बाळाजवळ नको. वासही येतो. निखिलच्या मित्राचं मुळशीला फार्महाउस आहे, तो घ्यायला तयार आहे. मलाही वाईट वाटतं हो, पण मी आता किती जणांचं बघू? तुम्ही हे क्लीन करू शकलात तर ठीक. नाहीतर बारसं झालं की तो जाईल."

काकांचा हात खाली गेला आणि कुत्र्याच्या पाठीवर थांबला.

मी पिक्सेलला मांडीवर घेतलं. डाव्या डोळ्याखाली नेहमीचा डाग होता, माझ्या हाताने जाईल असा. उजव्या बाजूचं प्रकरण निराळं होतं. हनुवटीपर्यंत केस ओलेचिंब, डोळा अर्धा मिटलेला. मी त्याचं तोंड खिडकीकडे वळवलं तर त्याने मान हिसडली आणि पंजाने डोळा चोळायला लागला. मी आणखी जवळ वाकले आणि मला वास आला. बुरशीचा तर होताच, पण त्याखाली दुसरा, गोड वास. गुलाबपाण्याचा. पार्लरमध्ये माझी अर्धी उमर त्या वासात गेली होती.

मी कापूस परत पिशवीत ठेवला. "मी आज याला हात लावणार नाही."

"म्हणजे?" रश्मी म्हणाली.

"याचा डोळा दुखतोय. एकाच डोळ्यातून एवढं पाणी, उजेड सहन होत नाही, डोळा उघडत नाही. हे डागाचं काम नाही. आधी डॉक्टर."

"अहो, बारसं रविवारी आहे!"

"बारसं रविवारीच होईल. डोळा रविवारपर्यंत थांबेल असं नाही."

ती वैतागली. तिची चूकही नव्हती, मदतीला बोलावलेली बाई हात झटकून उभी राहिली होती. "आणि डॉक्टर तुमच्याच ओळखीचे असतील, नाही का?"

"हो, आहेत ओळखीचे. कॅम्पातले डॉक्टर मोमीन. तुमच्या ओळखीचे दुसरे असतील तर तिकडे न्या. पण आज न्या."

तेवढ्यात बाळाने सूर लावला आणि ती आतल्या खोलीत गेली. मी काकांच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि हळू आवाजात विचारलं, "काका, गुलाबपाणी किती दिवस घालताय?"

ते एकदम ताठ झाले. आतल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "तुमाले कसं समजलं?"

"वासावरून."

"मले वाटलं थंड असते ते. माही माय आमच्या डोयात टाकत होती, लहानपनी. सूनबाई बाळापाशी गेली की मी याले गॅलरीत घेऊन बसतो आन् चार थेंब टाकतो. डाग गेला तं याले कोनी पाठवनार नाही, असं वाटलं." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला. "इथं मी कोनाशी बोलू ताई? लिफ्टमधी लोक मोबाईलकडं पाहून राहतात. हा एक हाय तं सकाळ-संध्याकाळ खाली जानं होते. सूनबाईले सांगू नका."

मी म्हटलं, "मी नाही सांगणार. पण डॉक्टरांना सांगावंच लागेल. डोळ्यात काय काय गेलंय हे त्यांना कळलं नाही, तर ते उपचार कसे करतील? आणि ते तुम्हीच सांगा, मी नको."

रश्मी बाळाला थोपटत बाहेर आली तेव्हा काका उठून उभे राहिले, शाळेत मुख्याध्यापकांपुढे उभे राहावं तसे.

"रश्मी, मी त्याच्या डोयात गुलाबपाणी टाकत होतो."

"का पण, बाबा?"

"त्यानं जाऊ नाही म्हनून."

मला वाटलं, आता भडका उडेल. तिने बाळाच्या डोक्यावरचं टोपडं सरळ केलं. मग खुंटीवरचा कुत्र्याचा पट्टा काढून काकांच्या हातात दिला. "जा तुम्ही यांच्याबरोबर. मला बाळाला सोडून येता येणार नाही. काय म्हणाले ते मला लगेच फोन करून सांगा." मी दाराबाहेर पडत असताना मला म्हणाली, "सॉरी, मघाशी मी ते ओळखीचं बोलले."

"असू दे. मीही असंच बोलले असते," मी म्हटलं.

रिक्षात काकांनी पिक्सेलला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं होतं. वारज्यापासून कॅम्पापर्यंत ते त्याच्याशीच बोलत होते, अगदी बारीक आवाजात. मी मुद्दाम बाहेर बघत बसले.

डॉक्टर मोमीन यांच्याबद्दल सांगायलाच हवं. त्यांचं घराणं कॅम्पात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. मी पार्लरवाली असताना एका पामेरियनला घेऊन त्यांच्याकडे गेले होते आणि तेव्हा त्यांनी मला हाकलून न देता शेजारी उभं राहू दिलं होतं. डोळ्यांबद्दल मला जे काही कळतं, ते त्यांच्या टेबलाशी उभं राहून. ते बोलायला मऊ, पण कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीत.

काकांनी गुलाबपाण्याचं पहिल्या वाक्यातच सांगून टाकलं. डॉक्टरांनी मान हलवली, डोळ्यात औषधी रंगाचा थेंब टाकला, दिवे बंद केले आणि निळा उजेड धरला. बुबुळावर एक ठिपका हिरवागार चमकला.

"हा व्रण. जखम," डॉक्टर म्हणाले. "आणि खोल आहे." मग त्यांनी भिंगाचा चष्मा चढवला आणि वरची पापणी उलटी केली. खूप वेळ शोधत होते. "शैलाताई, या इकडे. काका, तुम्हीपण या. तुम्ही ड्रॉइंग मास्तर ना? बघा दिसतोय का."

मला आधी काहीच दिसलं नाही. काकांना दिसलं. "केस हाय," ते म्हणाले. "उलटा."

पापणीच्या आतल्या बाजूने एकच बारीक केस उगवला होता. पिक्सेल जेव्हा जेव्हा डोळा मिटत होता, तेव्हा तेव्हा तो केस बुबुळावरून ब्रशसारखा फिरत होता. पाणी त्यामुळे येत होतं. आणि दुखलं की तो डोळा आणखी मिटत होता, मग केस आणखी घासत होता.

काकांनी विचारलं, "डॉक्टर, हे माह्यामुळं झालं काय?"

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "काका, हा केस गुलाबपाण्याने उगवलेला नाही. ह्या जातीच्या पिल्लांत हे होतं. पण जखमेत गुलाबपाणी गेल्याने आग झाली असणार, आणि त्या नादात वेळही गेला. उद्या सकाळी ऑपरेशन करू. केस मुळासकट काढू. डोळा वाचेल असं वाटतं, पण शब्द देत नाही. आणखी काही दिवस गेले असते तर बुबुळ फुटलं असतं."

काका म्हणाले, "सरळ सांगतलं, बरं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी कामं पुढे ढकलून दवाखान्यात गेले. माझं तिथे काही काम नव्हतं, पण मला घरी बसवेना. काका बाकावर बसले होते, हातात रिकामा पट्टा. आत ऑपरेशन सुरू झालं होतं. थोड्या वेळाने दारात टॅक्सी थांबली आणि रश्मी उतरली, छातीशी झोळीत बाळ, खांद्यावर मोठी पिशवी. बाळंतीण बाई, कान बांधलेले. सरळ येऊन काकांच्या शेजारी बसली.

"तू कायले आली? बाळाले वारं लागंन," काका म्हणाले.

"तुम्ही एकटे बसला असाल म्हणून आले," ती म्हणाली. पिशवीतून डबा काढून त्यांच्या हातात दिला. "सकाळपासून काही खाल्लं नसेल तुम्ही. उपमा आहे."

काकांनी डबा उघडला आणि न खाताच शेजारी ठेवला. मग तिने बाळ त्यांच्या मांडीवर दिलं, तेव्हा त्यांच्या हातांना काहीतरी काम मिळालं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी तो केस चिमट्यात धरून कापसावर ठेवून दाखवला. तिघांनीही वाकून बघितला आणि पांढऱ्या कापसावर तो पांढरा केस तिघांनाही धड दिसला नाही, इतका बारीक.

रविवारी मला बारशाचं आमंत्रण होतं. मी गेले. घर माणसांनी भरलेलं, पाळण्याला झेंडूच्या माळा. पिक्सेलच्या गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं, डोळा खाजवू नये म्हणून, आणि दोन्ही गालांवर ते तांबडे डाग जसेच्या तसे, कारण मी त्यांना हातच लावला नव्हता. रश्मीची आई म्हणाली, "हे ध्यान अजून इथेच आहे का?"

"आई, त्याचं ऑपरेशन झालंय," रश्मी म्हणाली. "आणि तो कुठे जाणार नाहीये. बाजूला हो, त्याला पाळण्याजवळ येऊ दे." निखिल अमेरिकेहून आदल्या दिवशी आला होता, त्याने तेवढ्यात फोटो काढला. इतकी वर्षं मी पांढरेशुभ्र चेहरे फोटोसाठी तयार करून दिले. पण माझ्या कामातला सगळ्यात चांगला फोटो मला विचाराल, तर तो त्या डागाळलेल्या तोंडाचा, नरसाळं घातलेल्या कुत्र्याचा आहे.

जखम भरली, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मग माझं खरं काम सुरू झालं. मी काकांना शिकवलं. पाणी उकळून कोमट केलेलं घ्यायचं. जुन्या धोतराचं मऊ फडकं, धुऊन वाळवलेलं, त्याचे लहान तुकडे करायचे. एक डोळा, एक तुकडा. तोच तुकडा दुसऱ्या डोळ्याला नाही. आधी ओला तुकडा डागावर नुसता धरून ठेवायचा, खपली मऊ होऊ द्यायची, ओढायची नाही. मग डोळ्याच्या कोपऱ्यापासून खाली, डोळ्यापासून दूर जात पुसायचं. डोळ्याच्या आत काहीही टाकायचं नाही. शेवटी कोरड्या तुकड्याने टिपून घ्यायचं, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण लोक पुसतात आणि कोरडं करायला विसरतात. कात्री मात्र मी माझ्याकडेच ठेवली. काकांचा हात ब्रश धरून स्थिर झालेला होता. त्यांनी बारीक दातांची फणी अशी चालवली की मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

डाग कमी झाले, पण जाईनात. इथे रश्मी पुढे आली. माझी पद्धत अशी की खाणं बदला, भांडं बदला, पाणी बदला, सगळं एकदम करून बघा. ती म्हणाली, "ताई, असं केलं तर फरक कशामुळे पडला हे कळणार कसं? एका वेळी एकच गोष्ट बदलू या. बाकी सगळं तसंच ठेवू या." तिने दर आठवड्याला त्याच खिडकीशी, त्याच वेळेच्या उजेडात पिक्सेलचा फोटो काढायला सुरुवात केली. खाणं बदललं, फोटोत फरक नाही. टँकरच्या पाण्याऐवजी फिल्टरचं दिलं, फरक नाही. मग प्लास्टिकचं खोलगट भांडं काढून स्टीलची पसरट ताटली ठेवली आणि पाणी पिऊन झालं की तोंड टिपायचं ठरवलं. पुढच्या फोटोंत डोळ्यांच्या खाली, मुळाशी, पांढरी रेघ दिसायला लागली. खोल भांड्यात तोंड बुडून त्याचा चेहरा दिवसभर ओला राहत होता, एवढंच कारण. सगळ्याच कुत्र्यांना भांडं हेच कारण नसतं. पण कारण शोधायची ही रीत मी त्या मुलीकडून उचलली आणि पुढे प्रत्येक घरी वापरली. माझ्या जुन्या पद्धतीने मी कितीतरी वेळा अंधारात तीर मारले असतील.

नवे केस वाढत गेले तसे मी जुने, रंगलेले केस बोथट टोकाच्या कात्रीने कापत गेले, टोक नेहमी डोळ्यापासून उलट दिशेला. दिवाळीच्या सुमाराला पिक्सेलचा चेहरा लख्ख पांढरा झाला. उजव्या बुबुळावर एक लहानसा धूसर ठिपका कायमचा राहिला, पण त्याला सगळं दिसतं. रांगत्या बाळाच्या हातातलं बिस्कीट तर अचूक दिसतं.

आता माझी मनगटं दुखतात आणि मी नवी कामं घेत नाही. तरी वारज्याला अधूनमधून जाते. तिथल्या बागेत रविवारी सकाळी वानखडे काका बाकावर बसतात. शेजारी कोमट पाण्याचा थर्मास, फडक्यांचे तुकडे, फणी. सोसायटीतले लोक आपापली कुत्री घेऊन येतात आणि काका त्यांना पुसायला शिकवतात. ज्यांच्याशी लिफ्टमध्ये बोलणं होत नव्हतं, ते सगळे आता त्यांना 'काका, काका' करत भोवती उभे असतात.

मागच्या वेळी गेले तेव्हा एक बाई घाईघाईने आपला माल्टीज घेऊन आल्या. पार्टीला जायचं होतं, तो लवकर गोरा करून हवा होता. काकांनी त्याला मांडीवर घेतलं, तोंड उजेडाकडे वळवलं, बराच वेळ बघितलं आणि परत बाईंच्या हातात दिलं.

"डाव्या डोयाले दुखून राहिलं त्याच्या. डॉक्टरकडं न्या."

"अहो, नुसतं पुसून तर द्यायचंय!"

"नाही पुसनार," काका म्हणाले. "आजच न्या."

बाई पुटपुटत निघून गेल्या. पण गेटाशी थांबून त्यांनी फोन कानाला लावलेला मी पाहिला आणि मग त्या रिक्षा शोधताना दिसल्या. काकांनीही पाहिलं. माझ्याकडे वळून जरा संकोचून म्हणाले, "बरोबर केलं ना ताई?"

मी पदर खोचला, त्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि थर्मासचं झाकण उघडून म्हटलं, "सरका जरा तिकडे. रांग वाढलीय, पुढचा कुत्रा मी घेते."